जनरेटरवर इन्व्हर्टर-चार्जर एसी घेतो आणि लगेच सोडतो, बॅटरी भरतच नाही

रात्रपाळी (प्रश्न)

मंडळी, जरा वेळ काढून वाचा, लांबलंय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही.

माझ्याकडे २४ व्होल्टचा ३ केव्हीए इन्व्हर्टर-चार्जर आहे, प्युअर साइन वेव्ह, आत मोठा ट्रान्सफॉर्मर असलेला जड मॉडेल. १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता) दोन ट्युब्युलर लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये. आईला रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) लागतो, तो साधारण ३५० वॅट घेतो, शिवाय फ्रिज, दोन पंखे आणि लाईट धरून ६०० वॅटच्या आसपास लोड होतो. म्हणून हा सगळा खटाटोप.

मेन्सवर सगळं व्यवस्थित. मेन्स गेली की बॅटरीवर जातं तेही व्यवस्थित. पण मेन्स खूप वेळ आली नाही तर मी २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर लावतो, त्याच्या पाटीवर सतत १६०० वॅट लिहिलंय, चेंजओव्हर स्विचमधून (एका वेळी मेन्स किंवा जनरेटर निवडणारा) तो इन्व्हर्टरच्या इनपुटला येतो. आणि इथे गोंधळ सुरू होतो. जनरेटर चालू केला की इन्व्हर्टर थोडा वेळ काहीच करत नाही, मग आतून टक असा आवाज येतो, घर जनरेटरवर जातं, दहा-बारा सेकंदांनी चार्जिंगचा दिवा लागतो, जनरेटर कण्हायला लागतो आणि परत टक, घर पुन्हा बॅटरीवर. थोड्या वेळाने परत तेच. काल अर्धा तास हेच चाललं होतं, कॉन्सन्ट्रेटरचा अलार्म दोनदा वाजला, शेवटी जनरेटर बंद करून बॅटरीवरच रात्र काढली आणि पूर्ण रात्र व्होल्टेज बघत बसलो.

दुसरं म्हणजे चार्जिंग करंट मी ४० अँपवर ठेवलाय, लवकर भराव्यात म्हणून. पण मेन्सवर असतानासुद्धा सुरुवातीला ४० दिसतात, मग ३०, मग १८, मग तासाभरात १२. चार्जर कमजोर झालाय का? दोन्हीचा एकमेकांशी संबंध आहे का? दुकानदार म्हणतो कार्ड (आतला सर्किट बोर्ड) बदला. आईच्या मशीनचा प्रश्न असल्यामुळे अंदाजाने काही करायचं नाहीये.

---

तांब्याची_तार

माझ्याकडेही असंच व्हायचं. सेटिंगमध्ये यूपीएस मोड आणि वाइड मोड असे दोन ऑप्शन असतात बघा, वाइडवर टाका, मग इन्व्हर्टर फार चिकित्सा करत नाही, जनरेटर घेतो. माझं काम त्यानेच झालं.

---

जुना_वायरमन

थांबा, घाई नको. वाइड मोड हा उपाय असू शकतो पण घरात कॉन्सन्ट्रेटर आहे हे वाचून मी तो पहिला उपाय म्हणून सांगणार नाही, कारण पुढे सांगतो. आणि कार्ड तर अजिबात बदलू नका, तुम्ही जे वर्णन केलंय त्यात मला मशीन बिघडल्याचं एकही लक्षण दिसत नाही, उलट ते जे करायला हवं तेच करतंय.

आधी हे मशीन बाहेरचा एसी कसा घेतं ते समजून घ्या म्हणजे तो टक-टक आपोआप उलगडेल.

इनपुटला एसी आला म्हणजे तो लगेच घरात जात नाही. इनपुटवर रिले (विजेने चालणारा स्विच) असतो, तो उघडाच असतो, म्हणजे जोड तुटलेला. मशीन आधी फक्त बघत बसतं, व्होल्टेज किती, फ्रिक्वेन्सी किती, दोन्ही ठरलेल्या मर्यादेत आहेत का, आणि काही सेकंद तशाच राहतात का. हा थांबण्याचा वेळ काही मशीनमध्ये पाच-सात सेकंद असतो, काहींमध्ये अर्धा मिनिट किंवा जास्त. मर्यादा सेटिंगप्रमाणे बदलते, २३० व्होल्टच्या मशीनमध्ये यूपीएस मोडला साधारण १८० ते २६५ व्होल्ट आणि वाइडला खाली १००-११० पर्यंत सुद्धा घेतात, फ्रिक्वेन्सीची मर्यादा वेगळी, ती तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा.

हे पटलं की दुसरं काम. तेव्हा घर बॅटरीवर चाललेलं असतं, म्हणजे इन्व्हर्टर स्वतःची साइन वेव्ह तयार करत असतो, आणि बाहेरचा एसी त्याच्या स्वतःच्या लयीत चाललेला असतो. दोघांची लाट उलटसुलट असताना रिले जोडला तर एकाचं टोक वर आणि दुसऱ्याचं खाली. २३० व्होल्टचं टोक ३२५ व्होल्ट असतं, म्हणजे त्या क्षणी फरक ६५० पर्यंत जाऊ शकतो, चालू मोटरला असा झटका बसणं चांगलं नाही. म्हणून मशीन आपली लाट हळूहळू सरकवत बाहेरच्या लाटेच्या पावलावर पाऊल आणून ठेवतं आणि मगच रिले टाकतं, म्हणजे जोडतं. तो पहिला टक.

आता नीट लक्ष द्या, कारण बरेच लोक इथे चुकतात. रिले पडल्यावर घराला मिळणारी वीज इन्व्हर्टरने बनवलेली नसते, ती जनरेटरची वीज जशीच्या तशी आरपार जात असते. बॅटरी भरून त्यातून परत एसी बनवून घराला देतात असं नाही. तुमच्या जड मॉडेलमध्ये एकच ट्रान्सफॉर्मर आणि एकच मॉसफेटचा (इलेक्ट्रॉनिक स्विचचा) ब्रिज असतो, बॅटरीवर असताना तो डीसीचा एसी करून ट्रान्सफॉर्मरमधून २३० पर्यंत चढवतो, आणि बाहेरचा एसी आला की तोच ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो, २३० खाली उतरवतो आणि तेच मॉसफेट आता रेक्टिफायरचं (एसीचा डीसी करायचं) काम करून बॅटरीत करंट ढकलतात. एका वेळी एकच दिशा. त्यामुळे जनरेटर जसा असेल तशीच वीज कॉन्सन्ट्रेटरला जाणार. वाइड मोड टाकला म्हणजे तुम्ही मशीनला सांगता की १५० व्होल्ट आले, फ्रिक्वेन्सी डगमगली तरी चालेल, घरात जाऊ दे. पंखा आणि दिव्याला ते चालतं. कॉम्प्रेसर असलेल्या मशीनला कमी व्होल्टेज म्हणजे जास्त करंट, जास्त गरम. शिवाय वाइड मोडमध्ये बदलाचा वेळही लांबतो, यूपीएस मोडला १०-२० मिलिसेकंदांत होतं ते वाइडला त्याहून बरंच जास्त लागू शकतं. म्हणून म्हणालो की तिकडे नको.

मग दुसरा टक का? रिले पडल्यावर मशीनचं बघणं थांबत नाही. आधी फक्त घराचे ६०० वॅट जनरेटरवर गेले, तोपर्यंत ठीक. दहा सेकंदांनी चार्जर चालू झाला आणि त्याने आपले ४० अँप मागितले. जनरेटर दमला, फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही खाली आलं, मर्यादेबाहेर गेलं, मशीनने सोडलं. सोडल्यावर जनरेटर एकदम हलका झाला, पळायला लागला, वीज परत छान दिसायला लागली, मशीनने परत घेतलं. हे चक्र असंच चालतं, आणि प्रत्येक फेरीत रिलेचे कॉन्टॅक्ट झिजतात.

हा माझा अंदाज आहे, खात्री करायला मोजमाप हवं. फ्रिक्वेन्सी दाखवणारा मल्टीमीटर मिळवा आणि जनरेटरच्या सॉकेटवर तीन वेळा मोजा: रिकामा असताना, घर त्यावर गेल्यावर, आणि चार्जिंग लागल्यावर. आणि सेटिंगमध्ये एसी इनपुट करंटची मर्यादा असा काही ऑप्शन आहे का, आणि तो कितीवर आहे ते सांगा.

---

रात्रपाळी

काका, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. मोजलं. रिकामा असताना २३८ व्होल्ट, ५३.२ हर्ट्झ. घर गेल्यावर २२९ व्होल्ट, ५१ च्या आसपास. चार्जिंग लागलं की आकडा भराभर खाली, मी १९४ व्होल्ट आणि ४६ हर्ट्झ पाहिलं आणि टक. मॅन्युअलमध्ये यूपीएस मोडला ४७ ते ५३ हर्ट्झ लिहिलंय. इनपुट करंट मर्यादेचा ऑप्शन आहे, तो १६ अँपवर आहे, मी कधी हात लावला नव्हता.

आणि एक विचित्र गोष्ट, कधी कधी जनरेटर चालू करून पाच मिनिटं झाली तरी पहिला टकसुद्धा होत नाही.

---

जुना_वायरमन

उत्तम मोजलंत, यातच सगळं आहे.

त्या विचित्र गोष्टीपासून सुरू करू. वरची मर्यादा ५३ आणि तुमचा रिकामा जनरेटर ५३.२. तो काठावर आहे, कधी आत कधी बाहेर, म्हणून मशीन कधी घेतं कधी घेत नाही. छोट्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी म्हणजे सरळ इंजिनचा वेग, दोन पोलचा असेल तर ३००० फेऱ्यांना ५० हर्ट्झ, ५३.२ म्हणजे जवळजवळ ३१९० फेऱ्या. रिकामा असताना वेग मुद्दाम थोडा जास्त ठेवतात कारण लोड आला की तो उतरतो. रिकामा ५२ ला असला की भरल्यावर ५० च्या आसपास येतो. गव्हर्नरचा (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा) स्क्रू जनरेटरच्या मेकॅनिककडून ५२ वर आणून घ्या, स्वतः करायचा असेल तर मीटर लावूनच करा, कारण वेगाबरोबर व्होल्टेजही हलतं.

आता मुख्य हिशोब. ४० अँप २८.८ व्होल्टला म्हणजे ११५२ वॅट बॅटरीत. चार्जरमध्ये १०-१२ टक्के वाया जातात असं धरलं तर एसीकडून १३०० वॅट लागतात. त्यात घराचे ६००. झाले १९०० वॅट, आणि जनरेटर सतत १६०० चा. इथेच संपलं. शिवाय तुमच्या चार्जरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या व्हीएपैकी खरे वॅट किती ते प्रमाण) चांगला नसेल तर जनरेटरला व्हीएच्या हिशोबात आणखी जास्त ओझं वाटतं, तेव्हा हे १९०० म्हणजे कमीत कमी समजा.

आणि १६ अँपची मर्यादा म्हणजे तुम्ही मशीनला सांगितलंय की बाहेरून ३६८० वॅट पर्यंत खुशाल ओढ. मेन्ससाठी ते बरोबर आहे. पण मशीनला कळायला काही मार्ग नाही की आत्ता दारात मेन्स उभी आहे की छोटा जनरेटर, त्याला दोन तारांवर फक्त व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दिसते. किती ओढायचं हे आपणच सांगावं लागतं.

ही मर्यादा कशी काम करते ते फार छान आहे आणि लोक वापरतच नाहीत. इनपुटचा करंट म्हणजे घराचा लोड अधिक चार्जर. घराचा लोड मशीन कमी करू शकत नाही, तो जेवढा आहे तेवढा जाणारच. म्हणून मर्यादा जवळ आली की मशीन चार्जर आवळतं. घराला आधी, उरेल ते बॅटरीला. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला की चार्जिंग आपोआप उतरतं, बंद झाला की परत चढतं.

तुमच्यासाठी: १६०० वॅट म्हणजे २३० ला ७ अँप. पण जनरेटर सतत कमाल मर्यादेवर चालवू नका, ६ अँप ठेवा, म्हणजे १३८० वॅट. त्यातून घराचे ६०० गेले, ७८० उरले, नुकसान वजा करून बॅटरीत साधारण ६८५ वॅट, म्हणजे चोवीस-पंचवीस अँप. जनरेटर त्यात आरामात चालेल.

मेन्स आल्यावर ही मर्यादा परत वाढवायची का, तर गरज नाही असं माझं मत, पण चार्जिंग करंटबद्दल दुसऱ्या कुणीतरी बोलायला हवं, बॅटरीचा अभ्यास माझ्यापेक्षा इथल्या ताईंचा जास्त आहे.

---

आम्लपात्र

वाचतेय सगळं. बॅटरीबाबत मला दोन गोष्टी सांगायच्याच आहेत आणि पहिली जरा कळकळीने सांगते. १५० एएच ट्युब्युलरला ४० अँप नका देऊ. ट्युब्युलरला क्षमतेच्या १० टक्के हा नेहमीचा आकडा, म्हणजे १५ अँप, फार तर २०. ४० म्हणजे २७ टक्के होतात. बॅटरी तापते, पाणी भराभर उडतं, प्लेटवरचा माल सुटतो. लवकर भरावी म्हणून करंट वाढवला तर सुरुवातीचा भाग लवकर होतो हे खरं, पण शेवटचा भाग लवकर होत नाही, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

४० चे १२ होणं हा बिघाड नाही. चार्जिंग टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात, ज्याला बल्क म्हणतात, चार्जर सेट केलेला पूर्ण करंट देतो आणि बॅटरीचं व्होल्टेज हळूहळू वर चढत जातं. ते २८.८ च्या आसपास पोचलं (एका बॅटरीला १४.४) की दुसरा टप्पा, अ‍ॅबसॉर्प्शन. आता चार्जर व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो, वाढू देत नाही, आणि बॅटरी जितकी भरत जाते तितकी ती स्वतःहून कमी करंट घेते. चार्जर कमी देत नाहीये, बॅटरी कमी मागतेय. ओतायला घागर भरलेली आहे पण लोटा काठोकाठ आला की धार बारीक करावी लागते ना, तसंच. शेवटी करंट अगदी थोडा झाला की तिसरा टप्पा, फ्लोट, २७ ते २७.६ व्होल्ट, फक्त भरलेली टिकवायची.

तरी एक शंका आहे. तुम्ही म्हणता ४० वरून १२ तासाभरात. बॅटरी अर्धी रिकामी असेल तर हे जरा लवकर वाटतं. ४० अँपने व्होल्टेज झटकन चढतं हे एक कारण, पण दुसरं कारण तारेत असू शकतं. चार्जर व्होल्टेज स्वतःच्या टर्मिनलवर बघतो, बॅटरीच्या टर्मिनलवर नाही. मधल्या केबल आणि लगमध्ये (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) मिळून फक्त १० मिलिओहम जरी असले तरी ४० अँपला ०.४ व्होल्ट तिथेच जातात, चार्जरला वाटतं २८.८ झाले आणि बॅटरीला मिळतात २८.४. मग तो वेळेआधी दुसऱ्या टप्प्यात जातो. चार्जिंग जोरात चालू असताना दोन ठिकाणी मोजा, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर आणि बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर (लगवर नाही, खुंटीवर). फरक ०.२ पेक्षा जास्त असेल तर लग उघडा, घासा, घट्ट करा. दोन बॅटऱ्यांमधली जोडतार लोक विसरतात, तीही बघा. त्याआधी एसी इनपुट, इन्व्हर्टर आणि बॅटरीचा ब्रेकर बंद, हातातली अंगठी-घड्याळ काढून, आणि पान्याला टेप गुंडाळून. २४ व्होल्टचा शॉक लागत नाही पण पाना आडवा पडला तर शेकडो अँप वाहतात.

प्रत्येक खान्यातल्या आम्लाचं हायड्रोमीटरने गुरुत्व पण बघा, पूर्ण चार्ज झाल्यावर आणि तासभर थांबून. एखादा खाना बाकीच्यांपेक्षा खूप खाली असेल तर वेगळी गोष्ट आहे, मग परत इथे लिहा.

उन्हाळ्याचं एक. हे १४.४ वगैरे आकडे २५ अंशांसाठी असतात. बॅटरी गरम असेल तर व्होल्टेज कमी करावं लागतं, प्रत्येक सेलला अंशामागे साधारण ४ मिलिव्होल्ट. तुमचे १२ सेल, ४० अंश म्हणजे १५ अंश जास्त, गुणाकार केला तर ०.७ व्होल्ट. लहान आकडा नाही हा. मशीनबरोबर टेंपरेचर सेन्सरची वायर आली असेल आणि डब्यात पडली असेल तर ती बॅटरीला चिकटवा.

---

तांब्याची_तार

माझ्या सल्ल्यातली चूक कळली, माझ्याकडे फक्त पंखे-दिवे आहेत म्हणून चाललं असणार. काकांचा मुद्दा बरोबर, वाइड मोडवर मी टक-टक थांबवला पण जनरेटर रोज कण्हतच होता, आज मीही इनपुट मर्यादा बघतो.

माझा जनरेटर वेगळ्या प्रकारचा आहे, छोटा, आवाज कमी, इन्व्हर्टर जनरेटर म्हणतात तो. त्याच्यातही असंच होतं, पण फक्त सुरुवातीला.

---

जुना_वायरमन

त्याच्यावर इको नावाचं बटण असेल, ते बंद करून बघा. त्या प्रकारात वीज आधी डीसी होते आणि मग इलेक्ट्रॉनिक्सने ५० हर्ट्झ बनते, त्यामुळे फ्रिक्वेन्सी हलत नाही, पण इकोमध्ये लोड नसला की इंजिन मंद होतं. चार्जरने एकदम मागितलं की इंजिनला वेग पकडायला एक-दोन सेकंद लागतात तेवढ्यात व्होल्टेज बसतं. इको बंद ठेवून सुरू करा.

---

अर्थिंग_पहिलं

एक सुरक्षेचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितोय, घरात आजारी माणूस आहे म्हणून जास्तच.

मेन्सवर असताना न्यूट्रल आणि अर्थ यांचा जोड पुरवठ्याच्या बाजूला कुठेतरी असतो. बॅटरीवर गेल्यावर इनपुटचा रिले दोन्ही तारा तोडतो (तोडायलाच हवा, नाहीतर आपली वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाईल), म्हणजे तो जोडही तुटतो. म्हणून बऱ्याच इन्व्हर्टर-चार्जरमध्ये आत आणखी एक रिले असतो जो बॅटरीवर असताना न्यूट्रल-अर्थ जोडतो आणि बाहेरचा एसी घेतला की सोडतो. आता जनरेटर आला. पुष्कळ छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेलाच नसतो. इन्व्हर्टरने जनरेटर घेतला, आतला रिले सुटला, आणि आता जोड कुठेच नाही. अशा वेळी एखाद्या उपकरणाच्या बॉडीला फेज लागला तर गळती पकडणारा ब्रेकर पडत नाही. हे घराघरात होतं आणि कुणाला पत्ता नसतो. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून जनरेटर चालू असताना तपासून घ्या आणि जोड कुठे करायचा ते त्यालाच ठरवू द्या, एकाच वेळी दोन ठिकाणी जोड झाला तर तोही त्रासाचा.

आणि जनरेटरची तार कधीही, कुठल्याही कारणाने, इन्व्हर्टरच्या आउटपुटला लावू नका. इनपुटला रिले आहे, तपासणी आहे, लाट जुळवणं आहे. आउटपुटला यातलं काही नाही, समोरून एसी आला की मॉसफेट जळतात. चेंजओव्हरमध्ये वायरिंग बदललंत तर दोनदा बघा.

पेट्रोल जनरेटर घराबाहेर, खिडकीपासून लांब. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि कॉन्सन्ट्रेटर तर खोलीतलीच हवा आत ओढतो.

---

रात्रपाळी

दोन दिवसांनी लिहितोय, करून बघायला वेळ हवा होता.

मेकॅनिकने जनरेटर ५२ वर आणून दिला. इनपुट मर्यादा ६ अँप, चार्जिंग करंट ताईंनी सांगितल्याप्रमाणे २० वर. जनरेटर चालू केला, वीस सेकंदांत टक, घर गेलं, चार्जिंग लागलं, आणि मी दुसऱ्या टकची वाट बघत उभाच राहिलो, आलाच नाही. २२६ व्होल्ट, ५० च्या आजूबाजूला, जनरेटरचा आवाज एकसारखा. फ्रिज चालू होताना चार्जिंग २० वरून १३-१४ वर उतरलं आणि फ्रिज स्थिरावला की परत २०, काकांनी लिहिलं होतं तसंच डोळ्यांनी पाहिलं. तासभर कॉन्सन्ट्रेटर त्यावर चालवला, अलार्म नाही.

केबलमध्येही सापडलं. चार्जिंगला दोन ठिकाणी मोजलं तर २० अँपलाच ०.५ व्होल्टचा फरक. दोन बॅटऱ्यांमधली जोडतार, एका बाजूचा लग हिरवा-पांढरा पडला होता. घासून, नवीन नटबोल्ट लावून आता ०.१ आहे.

न्यूट्रलचं खरंच निघालं. इलेक्ट्रिशियनने तपासलं, जनरेटरवर ब्रेकरचं टेस्ट बटण दाबलं तर पडत होता पण त्याने बाहेरून टेस्टर लावून फेज अर्थला दिला तर पडला नाही. आता जनरेटरच्या बाजूला जोड केलाय आणि मेन्स, बॅटरी, जनरेटर तिन्हीवर तपासून दिलं. हे कळलं नसतं.

एकच राहिलं. मेन्स बराच वेळ गेली तर जनरेटर किती वेळ चालवू? पूर्ण भरेपर्यंत?

---

आम्लपात्र

तो हिरवा लग म्हणजे तुमचा तासाभरातला १२ अँप, बरं झालं सापडला.

पूर्ण भरेपर्यंत नको. समजा बॅटरी अर्धी आहे, म्हणजे ७५ एएच भरायचेत. २० अँपने ८० टक्क्यांपर्यंत जायला अडीच तासांच्या आसपास, आणि उरलेल्या २० टक्क्यांना आणखी चार-सहा तास, कारण तेव्हा बॅटरीच थोडं थोडं घेते. त्या वेळात जनरेटर फक्त घराचा लोड आणि चिमूटभर चार्जिंग यासाठी पेट्रोल जाळतो. म्हणून बल्क संपून करंट दहाच्या खाली आला की जनरेटर बंद करा, बाकीचं मेन्स आल्यावर. पण मेन्स आल्यावर मात्र पूर्ण होऊ द्या, अर्धवट भरलेली बॅटरी दिवसेंदिवस तशीच ठेवली की सल्फेट घट्ट बसतं.

६०० वॅटला बॅटरीतून २८ अँपच्या पुढे जातात, म्हणजे अर्धी बॅटरी अडीच तासांत. रात्री फ्रिज त्यावरून काढला आणि फक्त कॉन्सन्ट्रेटर आणि एक पंखा ठेवला तर वेळ बराच वाढतो. आणि बॅटरीवर कितीही विश्वास असला तरी भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आणि रेग्युलेटर हाताशी राहू द्या, डॉक्टरांशी बोलून.

---

नवा_सभासद

मधेच विचारतो, मी लेड अ‍ॅसिड काढून लिथियम फेरो फॉस्फेट लावली, इन्व्हर्टर-चार्जर तोच. परवा बॅटरी पूर्ण संपली, मेन्स आली, एसीचा दिवा लागला पण चार्जिंग होईना. हा पण इनपुटचा प्रश्न का?

---

जुना_वायरमन

नाही, हा उलट बाजूचा. बॅटरी फार खाली गेली की तिचा बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट) स्वतःला तोडून घेतो आणि टर्मिनलवर शून्य व्होल्ट दिसतं. पुष्कळ मशीनना चार्जिंग सुरू करायला आधी बॅटरीचं थोडं तरी व्होल्टेज दिसावं लागतं, ते दिसलं नाही की बॅटरी जोडलीच नाही असं समजतात. काही बीएमएसला जागं करायचं बटण असतं, काहींना लिथियमच्या वेगळ्या चार्जरने थोडा वेळ चार्ज दिला की जागे होतात. पुढच्या वेळेसाठी इन्व्हर्टरचा लो-बॅटरी कट बीएमएसच्या कटच्या वर ठेवा, म्हणजे इन्व्हर्टर आधी थांबेल आणि बीएमएसवर वेळ येणार नाही.

आणि चार्जिंगची सेटिंग बदललीत ना? लिथियमला इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे करायला मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं) बंद, तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलणं बंद, १२ व्होल्टच्या पॅकला १४.२ ते १४.४, आणि शून्य अंशाच्या खाली चार्जिंग नाहीच. ट्युब्युलरच्या सेटिंगवर इक्वलायझेशन चालू राहिलं तर १५ च्या वर व्होल्टेज जातं, तेव्हा बीएमएस मध्येच तोडतो. आज रात्रीच बघून घ्या.